आतल्या बाजूचा शिक्का

का बे गेलतास, आशन्ना?
साखर पेठेतल्या हॉटेलात कुणीतरी विचारायचंच,
आणि माझा पेद्दनाना, बापाचा थोरला भाऊ,
बशीत चहा ओतत म्हणायचा,
समुद्र बघायला.
इथं सिद्धेश्वराचं तळं सोडून पाणी कुठं होतं?

पेन्शनच्या कारकुनाला सांगितलं, पोटासाठी.
महिन्याला अठरा रुपये, वर बूट.
पंधरा ऑगस्टला हेडमास्तरांनी माईक पुढं केला
तेव्हा म्हणाला, देशासाठी,
आणि खाली बसताना माझ्याकडं बघून
डोळा मारला.

युद्ध पुकारलं लाटसाहेबानं, रेडिओवर.
गल्लीत रेडिओ नव्हता.
गल्लीला कळलं भोंग्यावरून:
गिरणीत तिसरी पाळी सुरू झाली,
साच्यांवरची धोतरं उतरली, खाकी चढली.
आजोबा खाकी विणायचे,
आजी रीळ खात्यात,
दोघं घरी यायची भुवयांवर कापूस घेऊन.

तीच खाकी त्यानं आधी पाहिली होती.
तीस साल, मार्शल लॉ, वय वर्षं नऊ.
डोक्यावर पांढरी टोपी होती म्हणून
आजोबांना चौकात गुडघ्यावर बसवलं,
टोपी गटारीत.
रात्री जाऊन त्यानं ती काढली, धुतली,
पण वाळत कुठं घालणार?
दोरीवर दिसली असती.

अकरा वर्षांनी त्यानंच शर्ट काढून छाती मोजून दिली.
मागच्या लढाईत विणकरांना परत पाठवायचे,
लढाऊ जात नव्हे म्हणून.
या वेळी जातीच्या रकान्यावर
कारकुनाचा टाक जरा थांबला,
मग म्हणाला, चालेल.

आजोबा बोलले नाहीत त्याच्याशी.
पहिली मनिऑर्डर आली, तिच्यावर मात्र
अंगठा उठवला.
तीन महिन्यांचं तुंबलेलं भाडं होतं.

मी एकदाच विचारलं.
वीज गेलेली, आठही माग गप्प.
म्हणाला, इटलीत एका नदीकाठी
खेचरं चिखलात रुतली, आम्हीपण.
एका म्हातारीनं पावाचा तुकडा दिला,
आपल्या कडक भाकरीसारखा, मोडताना आवाज करणारा,
आणि हातवारे करून विचारलं,
तुझ्या मुलखावर कोण चालून आलं?

मला उत्तर येत होतं रे.
ते बाजूलाच उभं होतं, कप्तानाची टोपी घालून,
आणि त्याच रात्री त्याला मी पाठीवरून
नदीपार आणलं, पायात गोळी होती त्याच्या.
ते का केलं, तेही विचारू नको.

म्हातारीला सदऱ्याचं टोक उलटून दाखवलं.
आतल्या बाजूला गिरणीचा शिक्का, अर्धा पुसलेला.
सोलापूर, म्हटलं.
तिनं मान हलवली,
जणू तिची बहीणच इकडं दिली होती.

मग मी...
इतक्यात वीज आली,
माग एकदम बोलायला लागले,
त्याचे ओठ हलत राहिले.

सदरा आहे अजून.
मागाचं तेल पुसतो त्यानं.
विरत नाही.