अनामिका

ईएसआयच्या फॉर्मवर लिहिलंय :
डावा हात, अनामिका, दोन पेरं.
भोसरी, टी ब्लॉक, साठ टनी प्रेस.
तेव्हा ओवी दीड वर्षाची होती
आणि पाठीमागे ताट पडलं तरी वळत नव्हती.
एकाच महिन्यात दोन डॉक्टर झाले,
दोघांनीही मान एकाच बाजूला हलवली.

गाण्यावरून ठेवलेलं नाव.
बारशाला कुणाला काय माहीत.

खुणांचा वर्ग रविवारी, टिळक रोडला.
माझी पाळी फिरती, बस दोन बदलायच्या,
त्यात वर्गात सगळ्या आयाच.
दोनदा गेलो, मग नाही गेलो.
सात वर्षं आमच्या दोघांत एवढंच :
जेव. झोप. नको. शाब्बास. थांब, गाडी येतेय.
एवढ्या शब्दांत कुणी कुत्रंसुद्धा धड सांभाळत नाही.

मग शाळेतून ते ॲप आलं.
एकदा उतरवलं की नेट लागत नाही.
पडद्यावर एक बाई, काळा सदरा, मागे निळी भिंत,
तिलाही ऐकू येत नाही म्हणे.
ती करून दाखवते, मी करतो,
मोबाईल हाताकडे बघतो
आणि सांगतो, चुकलं.
शंभरदा सांगतो. आवाज चढवत नाही.
कँटीनमागे, स्क्रॅपच्या पिंपाला त्याला टेकवून
मी ‘पाऊस’ शिकलो, ‘परवा’ शिकलो,
‘तुला काय वाटतं’ हे फार उशिरा.
घोडेराव म्हणाला, कुणाला शिव्या घालतोयस एवढ्या?

मग अक्षरं आली, इंग्रजी.
स्वर डाव्या हाताच्या बोटांवर बसवलेत :
अंगठ्याला ए, तर्जनीला ई,
मधल्याला आय, करंगळीला यू,
आणि करंगळीच्या शेजारी
ओ.
ओवीचा ओ.
उजव्या बोटाने टोकाला शिवायचं, बस.
सोपंय, पोरंसुद्धा करतात.
टोक प्रेसखाली राहिलं.

मोबाईलला ते कुणी सांगितलेलं नाही.
तो सांध्यासांध्यावर हिरवे ठिपके मांडतो, एकवीस.
मी मोजले.
पुरे एकवीस.
दोन हवेत, थरथरत,
रात्री खाज सुटते बरोब्बर तिथे.
मी हवेला बोट लावलं.
बरोबर, म्हणाला. पुढचं अक्षर घ्या.

मी पुढचं अक्षर घेतलं नाही.
हात तसाच धरून बसलो,
भोंगा झाला तेव्हा चहावर साय आलेली.

घरी ओवीसमोर मांडी घातली.
दोघांत मोबाईल नको म्हटलं, आज तोंडपाठ.
हवेला बोट लावलं : ओ.
ती बघत राहिली.
पुन्हा लावलं. पुन्हा.
तिला काय दिसणार,
बाप नसलेल्या जागेला बोट लावतोय.
भुवया आकसल्या तिच्या,
मग सरकून जवळ आली,
माझं उजवं बोट धरलं, खाली आणलं
आणि जिथे कातडी चकचकीत होऊन संपते
तिथे दाबलं.
इथे.
ओ इथे.
पुढचं काढ, म्हणाली हनुवटीने.

मी व्ही काढला. आय काढला.
तिने स्वतःकडे बोट केलं, मी? असं,
जणू चाळीत दुसरी कुणी असावी त्या नावाची.

तेव्हापासून तीही तसंच करते.
दहाच्या दहा बोटं शाबूत तिची,
तरी अनामिका दुमडून घेते अर्ध्यात
आणि मधल्या पेरावर टेकवते ओ.
रस्त्यापलीकडून, लांडेवाडीच्या स्टॉपवरून,
गाड्यांच्या वरून नाव सांगते मला, रोज,
जसं काही मी विसरेन.

परवा डायरीत बाईंनी लाल शाईने लिहून दिलंय :
ओवी ‘ओ’ चुकीचा काढते.
घरी सराव घ्यावा.

खाली पालकांच्या सहीची रेघ होती.
केली.