लखमा तांडेलांना पुस्तक देताना

हर्णैच्या लिलावाची ओरड निवली की
मी बर्फाच्या कारखान्यातलं पावतीबुक मिटते
आणि साडेपाचला वाचनालयाचं कुलूप काढते.
दार खाऱ्या हवेनं फुगलेलं, खांद्यानं ढकलायचं.
आज पायरीवर आधीच कोणीतरी:
लखमा तांडेल,
डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा हिरवा चष्मा,
चपला बाहेर नीट जोडून, देवळात ठेवतात तशा.

"बाय, आभालातलं पुस्तक हाय का?"

पंचांग का, म्हटलं. ज्योतिष?
नाही म्हणाले. मग बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

वीस वाव पाण्यात होते ते, रात्री दोनच्या सुमाराला.
तेरा दिवे वर आले, एकामागे एक,
दोरीत ओवल्यासारखे, आवाज नाही,
आणि बोटीवरच्या सहाही माणसांचं
बोलणं थांबलं. जाळं तसंच हातात.

"नातू बोलला, उपग्रह हुते. आसतील.
पन ते कलायच्या आधी जे वाटलं,
धा मिन्टं,
तसलं काय हाय का तुज्याकडं?"

आहे ना, तांडेल.
खालून दुसरा खण. अठरा पुस्तकं,
त्यातली तीन वाळवीनं आधीच वाचून संपवलेली.

हे जाडं पहिल्यांदा नको.
याची सुरुवातीची साठ पानं म्हणजे
ओहोटीला खाडीच्या तोंडातून बोट काढणं,
तळ घासतो, माणूस वैतागतो,
पण बाहेर पडलात की पाण्याचा रंगच निराळा.
ते शिमग्यानंतर.

हे यंत्रमाणसाचं. हसत वाचा.
लिहिणाऱ्यानं बंदर काही पाहिलेलं नाही.
त्याचा यंत्रमाणूस सुरमई नि बांगडा
एकाच टोपलीत टाकतो
आणि त्याला कुणी शिवीसुद्धा देत नाही.

आणि हे, काळ्या पुठ्ठ्याचं,
हे मी आत्ता देणार नाही.
यात माणसं तीनशे वर्षं बर्फात निजतात
आणि उठल्यावर विचारतात, घरचे कुठे.
चांगलं आहे. फारच चांगलं आहे.
पण मी ते ज्या आठवड्यात वाचलं
त्या आठवड्यात आमच्या कारखान्यात, लाद्यांच्या मागे,
मासळी नव्हती ठेवलेली.
कोण होतं, ते माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

म्हणून हे घ्या. पातळ आहे.
दोन चंद्रांच्या जगातलं एक बंदर.
तिथली माणसं आपल्यासारखी नाहीत,
त्यांना हात किती ते शेवटपर्यंत मोजता येत नाही,
पण धक्क्यावर बसून पाण्याची वाट बघतात.
शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलंय.
मी तीनदा वाचलं, तीन वेगळे शेवट झाले.
आणि शब्द अडला तर थांबू नका,
तुम्ही कुठे प्रत्येक लाटेला नाव विचारता?

रजिस्टरमध्ये सही करायला त्यांना
माझ्या दोन पावत्या फाडून होतील एवढा वेळ लागला.

नवव्या दिवशी आले.
पुस्तकाला डिझेलचा वास,
एकेचाळीसाव्या पानात खूण म्हणून माशाचं खवलं,
आणि समासात पेन्सिलीनं गोल, लहान नि मोठे,
खाली तिथ्या, अमावास्येपासून.

"दोन चांद, तर उधान दोनदा. बरोबर हाय.
पन एक चांद दुसऱ्याच्या आड गेला
तर मग भांग कवा?
ह्यानं लिवलंच न्हाय."

मला सांगता आलं नाही.
गॅलरीत जाऊन आम्ही दोघांनी चंद्र बघितला,
एकच होता, सुवर्णदुर्गावर, अर्धा.

शेवटचं पान नव्हतं हो त्याला, म्हटलं.
"व्हतं की," म्हणाले,
आणि जाडं पुस्तक मागितलं.
शिमगा अजून दीड महिना लांब होता.