खुर्च्यांचा हिशोब

आठशे सांगितल्या होत्या.
सहकारनगरच्या मैदानात मी आठशे मांडल्या,
पांढऱ्या, पाठीवर लाल अक्षरांत
‘रणपिसे मंडप, दत्तवाडी’.
साहेब दोन तास उशिरा आले.
टेम्पोतून आणलेल्या बायका
परतीच्या टेम्पोचा नंबर तळहातावर लिहून बसलेल्या.

तीस वर्षं खुर्च्या भाड्याने देतोय.
भाषण मी ऐकत नाही, खुर्च्या ऐकतो.
माणूस कंटाळला की आधी मागचा पाय करकरतो.
टाळ्यांना पुढच्या तीन रांगा हलतात,
चौथीपासून मोबाइल.
बाकीचं रात्री ढीग लावताना कळतं:
गुटख्याच्या पुड्या, कुणाची तरी एकच चप्पल,
साहेबांचं पत्रक,
खुर्ची पुसून चोळामोळा केलेलं.
बिल? निवडणुकीनंतर बघू, म्हणाले.
कुठल्या, ते नाही म्हणाले.

मग एका मंगळवारी यमुना खिल्लारे आली,
जनता वसाहतीतली, मेसमध्ये पोळ्या लाटणारी.
“बारा द्या. म्हाताऱ्यांपुरत्या.”
कशाला गं?
“संडासाच्या दारांना कड्या न्हाईत. मीटिंग हाय.”
एकशेवीस रुपये, सुट्टे, आधीच.

वर टेम्पो चढत नाही.
पायऱ्या पायऱ्यांनी डोक्यावरून नेल्या, मी आणि पोरगा.
माइक नव्हता. तिला बोलताही येत नव्हतं फारसं.
म्हणाली, “पोरगी आत असली की
मी भायेर दार धरून हुबी ऱ्हाते.
परवा मला ताप होता.”
एवढंच. मग गप्प.

त्या गप्प राहण्यात काय होतं, मला नाही सांगता येणार.
एक बाई म्हणाली, मीपण धरते.
मग दुसरी.
मग एक रिक्षावाला, मान खाली घालून.
पर्वतीच्या उतारावर दीड-दोनशे माणसं उभी
आणि माझ्या बाराच्या बारा रिकाम्या;
म्हातारेसुद्धा उठले होते.

सकाळी नऊला वॉर्ड ऑफिसवर जायचं ठरलं.
मला कुणी बोलावलं नव्हतं.
माझ्या घरी संडासाला कडी आहे, पितळेची.
तरी साडेआठला शटर अर्धं ओढलं,
टेम्पोत चाळीस टाकल्या,
ताटकळावं लागलं तर असू द्या म्हणून.

वहीत त्या दिवशीचं पान आहे.
गेल्या: चाळीस. परत: अडतीस.
भाडं: (इथे खाडाखोड).
दोन अजून तिथेच आहेत, ऑफिसच्या दारात,
पाळीपाळीने कुणीतरी येऊन बसतं.
कड्या? निम्म्या लागल्या.