पैशाचा उगम

वाशीच्या सेक्टर सतरात, तिसऱ्या मजल्यावर
साठे मॅडम पेन्सिलीनं फुली मारून देतात:
इथे लिहा, तुम्ही काय करता.

मी दात करते.
जुईनगरच्या गाळ्यात, भट्टीसमोर, एकवीस वर्षं.
पोर्सेलीनचे थर चढवते, कडेला निळसर,
मुळाशी किंचित पिवळा,
कारण पांढराशुभ्र दात दुरूनच खोटा दिसतो.

आराखडा एकेचाळीस पानांचा.
हॉलंडमधल्या माझ्या पाचव्या वर्षाचा नफा त्यात छापलाय,
पुढच्या मंगळवारी गाळ्यात वीज असेल का
ते मात्र मला ठाऊक नाही.

पान अठरा.
आपल्या येण्याने आमच्या देशाचे कोणते हित साधेल?

मी पेन खाली ठेवलं.
घरी आले, शिरवण्याला. बाबांनी विचारलं,
"त्या गावाला समुद्र हाय का?"
आहे. पण जमिनीपेक्षा उंच. बांध घालून अडवलेला.
बाबा खुर्चीत पुढे सरकले.
"मंग उघाडी असंल. भरतीला लावाची, सुकतीला सोराची.
रातचा बांध फुटला तं कोन जातं?"
पंप आहेत, बाबा.
"पंप," ते म्हणाले,
लग्नात आचाऱ्याऐवजी केटरर आला
की म्हणतात तसं.

दुसऱ्या फायलीत एकच रकाना, एकच ओळ:
पैशाचा उगम.
मी लिहिलं, भूखंड विक्री.
तेवढंच मावलं.
आजाचं खाजण मावलं नाही, त्यातला राता भात,
चिखलानं लिंपलेला बांध, खेकड्यांनी पोखरलेला,
दर अमावास्येला कंदील घेऊन त्यावरून चालणारी माणसं.
मग नोटीस, मग निवाडा,
मग बरीच वर्षं नुसती फाईल.
साडेबारा टक्के म्हणाले,
कापून पावणेनऊ हातात आले,
तेही अशा नोडमध्ये जिथे आमचं कुणी
कधी म्हैससुद्धा बांधली नव्हती.
घेणाऱ्यानं भूखंड फोनवरच पाहिला.
त्या पैशात एक मिलिंग मशीन येतं, एक भट्टी,
आणि परदेशात सहा महिने भाड्याची खोली.

कागदांचं शपथेवर भाषांतर झालं.
अनुवादकाने खाजणाला लिहिलं: पडीक दलदल.
मी म्हटलं, बदला.
साठे मॅडम म्हणाल्या, राहू दे हो,
तिथला अधिकारी एवढं वाचत नाही.
मी तीनशे रुपये जास्तीचे दिले,
त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले.
समुद्राकडून मिळवलेली भातजमीन, त्यानं टाईप केलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी जमिनीचा भाव वाढवतेय.

पान अठरा अजून कोरंच.
रात्री बाबांना वाचून दाखवलं, सोप्या मराठीत.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.
मग म्हणाले, "यो शेर आला तवा
आमी इचारलाच नाय,
तुज्या येन्यानं आमचा काय भला."
आणि थोड्या वेळानं, झोपता झोपता,
"लिव ना, बापाला बांध घालता येतो."

बाप येणार नाहीये. त्याचा पासपोर्टही नाही.
मी लिहिलं: दहा माणसांना चावता येईल.
मॅडमनी ते खोडून
रोजगारनिर्मिती केलं.

नमुन्यादाखल सहा दातांचे फोटो जोडलेत,
काळ्या मखमलीवर, नीट उजेडात.
सातवा जोडला नाही.
तो बाबांच्या तोंडात आहे, वरचा, समोरचा,
दोन वर्षांपूर्वी मीच केलेला.
नवा नको, म्हणाले होते, बाकीचे लाजतील.
म्हणून त्यावर मशेरीचा डाग
सगळ्यात बारीक ब्रशनं रंगवला,
तीनदा भट्टीत घातला.
आता मलाही शोधावा लागतो.