खोटा दाणा

नववीच्या फळ्यावर लिहिलं : संहती.
अख्खा वर्ग गप्प.
मागच्या बाकावरून श्रीदेवी घुटुकडे म्हणाली,
"मॅडम, म्हंजे घट्टपणा का?"
पुस्तकात तसं नाही. मी म्हटलं, हो.

घट्टपणा मला पुस्तकाच्या आधीपासून ठाऊक.
आमचे अण्णा पॅनमन होते,
कृष्णेपलीकडच्या कारखान्यात, सत्तावीस हंगाम.
तिसऱ्या मजल्यावर लोखंडी जाळीची जमीन,
पायाखाली सगळं थरथरणारं,
घराएवढ्या भांड्याला वाटीएवढी काच
आणि त्या काचेला लागलेला अण्णांचा डोळा.
मध्येच सळी घालून चिमूटभर पाक काढायचे,
काचपट्टीवर पसरून बल्बासमोर धरायचे.
मग अंगठा आणि बोट, बोट आणि अंगठा.
तार किती येते. दाणा कुठवर आला.
मीटर होतं तिथं. मीटरला ते 'पाव्हणा' म्हणत.

"वाफ जास्त झाली की खोटा दाणा पडतो,"
एवढंच शिकवलं त्यांनी मला,
"बारीक, पिठासारखा.
मागनं येतो आणि खऱ्याचं खाणं खातो."

माझ्या प्रगतीपुस्तकात दर सहामाहीला तोच शेरा :
हुशार आहे, एकाग्रता नाही.
अण्णांनी शिफ्टवरून येऊन न वाचता सही केली.
शेऱ्यावर चिकट अंगठा उमटला,
पुढं दिवाळीपर्यंत दप्तरात मुंग्या.

आई सामायिकाला बसायची, अठ्ठेचाळीस मिनिटं.
माळ बोटात फिरतेय, डोळे मिटलेले,
आणि मिटल्या डोळ्यांनीच : "दूध उतू चाललंय बघ."
दोष लागतो म्हणे असं बोललं की.
तिला लागला असेल. दूध मात्र कधी सांडलं नाही.
विरल, हा शब्द पुस्तकात
कमजोर द्रावणाला वापरतात.
मला दर वेळी आई आठवते.

धाकटा झाला त्या रात्री
इलाई मुजावर सायकल मारत तीनदा आला,
तीनदा तो जिना चढला.
पहिल्या वेळी अण्णांनी एक बोट वर केलं :
थांब.
दुसऱ्या वेळी तेच बोट.
तिसऱ्या वेळी बोटही नाही.
पॅन सोडला तेव्हा पाच वाजले होते.
बाळ साडेचारपर्यंत होतं.

त्या रात्रीचा दाणा एकसारखा पडला,
मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली, असं इलाईच सांगतो.
आई काही बोलली नाही.
कामगारांच्या वाट्याची साखर घरी यायची
ती पोतं न सोडता शेजारी द्यायची.
आमच्याकडं तेव्हापासून गुळाचा चहा.
अण्णांनी कधी विचारलं नाही, का.
त्यांना कळत नव्हतं असं मला वाटायचं.
आता तसं वाटत नाही.

स्टाफरूममध्ये इतिहासाचे चौगुले सर म्हणाले,
इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द :
मन लावणं, पाक घट्ट होणं,
आणि माणसं गोळा करून तारेच्या कुंपणात कोंडणं,
ती छावणीसुद्धा त्याच शब्दाची.
आपल्याकडं बरं, म्हणाले, वेगवेगळे आहेत.
मी कपातल्या सायीकडं बघत राहिले.
आपल्याकडं आटणं आहे, म्हटलं.
दूध आटतं, विहीर आटते,
मायाही आटते म्हणतात.
सर डबा बंद करून तासाला गेले.

तर फळ्यावर संहती,
खाली भागिले, खाली आकारमान.
श्रीदेवीचा हात पुन्हा वर :
"घट्ट होताना पाणी जातं, मॅडम.
ते कशात धरायचं?"
पुस्तकात त्याला नाव नाही.
उत्तर येत होतं, अगदी जिभेपर्यंत आलं होतं,
तार धरत होती,
इतक्यात दारात शिपाई : "मॅडम, घरनं फोन आलाय."
मी वळलेही नाही.
एक बोट वर केलं.

बोटावर खडू होता.
सगळा वर्ग त्या बोटाकडं बघत होता,
आणि मग मीही.