वॉकर

हॅलिफॅक्सच्या इस्पितळात, गुडघा बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी
मॅव्हिस वॉकरपुढे ॲल्युमिनियमचा वॉकर आणून ठेवतात.
फिजिओचा पोरगा हसतो:
नावातच चालणं आहे, आजी. उठा.

चालणं नव्हे रे, तुडवणं.
आमचे जे कोणी पहिले, ते कुठेच गेले नाहीत.
दगडी कुंडात उभे राहिले, पोटऱ्यांपर्यंत
गावभरच्या शिळ्या मुतात,
आणि मागावरून उतरलेली ओली लोकर पायांखाली घेऊन
उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत चालले,
जागच्या जागी.
कापड आटायचं, दाट व्हायचं,
वाऱ्याला आत शिरू द्यायचं नाही.
वास मात्र माणसाला लागायचा, तो कायमचा.
दारुड्याच्या घरच्या पिंपाला म्हणे भाव कमी.
हे आजोबांचं. खरंखोटं तेच जाणोत.

डेव्हनकडे त्यांनाच टकर म्हणतात,
लंडनच्या बाजूला फुलर.
वास तोच.

मग ओढ्यावर गिरणी आली, लाकडी हातोडे आले.
पाय सुटले. नाव सुटलं नाही.
उलट तेच कुंडाबाहेर पडलं आणि खरोखर चालू लागलं:
टपालात, फौजेत, एक तर थेट टास्मानियात,
बुटांचं दुकान काढून.

बरं, पोरगा म्हणतो, खिडकीपर्यंत?

खिडकीपर्यंत ती जाते. अकरा पावलं.
मग वळत नाही.
सपाता तिथेच एक, दोन, एक, दोन,
फरशी दाबत राहतात,
खालचं काहीतरी अजून पुरतं आटलं नसल्यासारख्या.