एकतिसावं कडं

पाषाणच्या प्रयोगशाळेत दुपारभर
मी एका सागाच्या चकतीला पॉलिशपेपर घासत असते.
आधी ऐंशी नंबर, मग दोनशेवीस, मग चारशे,
शेवटी इतका बारीक कागद
की घासतेय की कुरवाळतेय, माझं मलाच कळत नाही.

मग कडी उमटतात.
भिंगाखाली एकेक पावसाळा.
रुंद कडं : ओढे भरून वाहिले.
केसाएवढं कडं : पावसाने ओढ दिली.
आणि मध्येच, दोन पावसाळ्यांच्या सांध्यात,
काळी चीर.
तिच्यावर लाकूड दोन्हीकडून वळून आलेलं,
ओठ मिटावेत तसं.
फाल्गुन-चैत्रात कधीतरी वणवा बुंध्यापाशी आला,
झाड मेलं नाही, एवढंच.

दोनशे सहा वर्षांत अशा अकरा चिरा.
सुरुवातीला मला वाटायचं, दुष्काळ पडला की जंगल जळतं.
सरळ हिशेब.
पण अकरातल्या आठ चिरांच्या आधी
दोन-तीन कडी चांगली पोसलेली आहेत,
मग एक रोडावलेलं, मग काळं.
म्हणजे पाऊस आधी गवत छातीएवढं वाढवतो,
मग एका वर्षी पाठ फिरवतो.
आग बिचारी शेवटी येते
आणि नाव तिचं होतं.

हे मी धाकलू मरगळ्यांना सांगितलं.
ते आमचे रात्रपाळीचे वॉचमन, मूळचे वेल्ह्याकडचे.
डबा ठेवत म्हणाले,
"मॅडम, त्याला भिंग कशाला?
गवत गुडघ्याच्या वर गेलं
की आम्ही फाटे तोडूनच ठेवायचो."

मग चकती हातात घेतली.
कुठल्या डोंगराची, विचारलं.
मी सांगितलं.
गेल्या पावसात उन्मळला, वनखात्याने तुकडा दिला.

ते सालीपासून आत मोजत गेले,
नखाने, ओठ हलवत,
चुकले, परत सालीपाशी आले.
एकतीसवर नख थांबलं.

"राब भाजत होतो," म्हणाले.
"सकाळचा वारा उगवतीकडनं, दरीकडे जाणारा. ठरलेला.
भाजणी उरकायची नि घरी यायचं.
दुपारनंतर तो समुद्रावरनं उलटा येतो, ते पोरंबी जाणतात.
त्या दिवशी अकरालाच उलटला."

खारे वारे, मतलई वारे.
शाळेत मी बाणांच्या आकृत्या काढल्या होत्या,
निळ्या पेन्सिलीने दिवसाचे, काळ्याने रात्रीचे.
बाणाखाली माणूस उभा असतो
आणि त्याच्या हातात पेटती काडी असू शकते,
हे पुस्तकात नव्हतं.

मला म्हणावंसं वाटलं,
तुम्ही नसता तर दुसरं कुणी असतं,
नाहीतर वीज, नाहीतर बिडीचं थोटूक,
हे बघा, आधीची तीन कडी किती रुंद आहेत.
पुरावाच होता माझ्या हातात.
पण त्यांनी चकती टेबलावर उपडी ठेवली होती
आणि ते रजिस्टरवर सही करत होते,
वेळ : सात पाच.

रात्री उशिरा निघाले तेव्हा
वेताळ टेकडीच्या अंगाने नारिंगी रेघ सरकत होती,
वाकडीतिकडी, कुणी झोपेत काढल्यासारखी.
वारा पश्चिमेचा. गेटवरच्या झेंड्याने सांगितला.
केबिनमध्ये मरगळे नव्हते.
केबिनमागे मात्र निरगुडीच्या ओल्या फाट्यांचा ढीग,
आजचा नव्हे, तीन-चार दिवसांचा,
वरून गोणपाट भिजवून टाकलेलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस होती :
आवारातील झाडे-झुडपे तोडणाऱ्यांवर कारवाई होईल.
खाली प्रशासन अधिकाऱ्यांची सही.
मरगळे ती वाचत उभे होते,
भुवया होरपळलेल्या, उजवा हात फडक्यात.

मी वर गेले. चकती सुलटी केली.
सालीलगतची शेवटची कडी मोजायची राहिली होती.
मापलं : रुंद, रुंद, त्याहून रुंद.
खिडकी लावली, राख आत येत होती.